विटाळ नसलेली बाई

पनवेलच्या त्या सोसायटीत कैऱ्यांचे दिवस आले की भामा घरतचा भाव वधारायचा. एरवी तिसऱ्या मजल्यावरची ती कमी बोलणारी, जराशी पोक काढून चालणारी बाई कोणाच्या खिजगणतीत नसायची. पण लोणच्याचा हंगाम लागला, पापडाचं पीठ कुटायची वेळ झाली, की एकेक बाई तिच्या भावाच्या, हरेश घरतांच्या, दाराची बेल वाजवायची. "भामाताई उद्या मोकळ्या आहेत का हो?" पाचव्या मजल्यावरच्या बँकेतल्या बाई दर वर्षी आधी जाहीर करायच्या, की आमचा काही असल्या गोष्टींवर विश्वास नाही, सासूबाईंना बरं वाटतं म्हणून आपलं. आणि मग फोडी बरणीत भरायला भामालाच पाटावर बसवायच्या. विश्वास नसलेली माणसंसुद्धा लोणच्याच्या बाबतीत जोखीम घेत नाहीत.

कारण साधं होतं. भामाला विटाळ नव्हता. चोविसाव्या वर्षी तिची पाळी गेली ती गेलीच, आणि आता ती एकेचाळीस वर्षांची होती. महिन्यातल्या कुठल्याही दिवशी तिच्या हाताला देव चालत होता, लोणचं चालत होतं, नैवेद्य चालत होता. इतर घरांतल्या बायका नवरात्राच्या आधी औषधाच्या दुकानातून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणायच्या आणि नऊ दिवस डोकं धरून बसायच्या. घरतांच्या घरी तशी वेळ कधी आली नाही. भामाची वहिनी वेणू किंवा भाची समीक्षा बाजूला बसली, तरी घटाची माळ चुकत नव्हती आणि अखंड दिवा विझत नव्हता. "आमच्या भामाला देवीनंच सोडवलीय," असं वेणू कौतुकानं सांगायची. ऐकणाऱ्या बायका हात जोडायच्या.

भामा खाली मान घालून ऐकायची आणि मनातून सुखावायची. तिला सुखावायला आयुष्यात फारसं काही मिळालेलं नव्हतं.

ती गव्हाणची. बाप मिठागरात राबायचा, आई राबायची, आणि परकर-पोलक्यातली भामाही राबायची. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, आणि पिकलेलं मीठ पाटीत भरून डोक्यावरून बांधावर नेऊन टाकायचं. तिच्याएवढी भरलेली पाटी गावात तिच्या वयाची कोणी उचलत नसे. मान ताठ, पाठ ताठ, आणि तोंडानं गाणं चालू. विसाव्या वर्षी जासईत दिली. बाविसाव्या वर्षी तिला भाताच्या टोपातून माणसं बोलताना ऐकू यायला लागली.

पुढं काय झालं ते फार लांबवत नाही. सासरच्यांनी तिला टेम्पोत बसवून माहेरी आणून सोडली आणि परत विचारपूस केली नाही. माहेरी तिचं ताट वेगळं झालं. चुलीपाशी तिला कोणी जाऊ देईना, कारण एकदा तिनं पेटतं लाकूड घरात आणून ठेवलं होतं. एका दुपारी भरतीच्या वेळी ती खाडीत छातीइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. कोणीतरी बोलावतंय म्हणाली. हरेशनं, तिच्या थोरल्या भावानं, तिला केसाला धरून बाहेर ओढली. मग पनवेलच्या डोक्याच्या डॉक्टरांकडे नेली. गोळ्या सुरू झाल्या आणि चार-सहा महिन्यांत ती बोलणारी माणसं गप्प झाली. त्या गोळ्या नसत्या तर भामा आज नसती. पुढचं ऐकताना हे विसरून चालायचं नाही.

दीड-दोन वर्षांनी पाळी थांबली. वेणूनं सासूच्या कानावर घातलं. सासूनं, म्हणजे भामाच्या आईनं, एकवीरेला नवस केला होता: पोर बरी होऊ दे, जन्मभर तुझी सेवा करील. पोर बरी झाली होती आणि पाळी गेली होती. म्हातारीनं दोन्हींची सांगड घातली आणि गावभर सांगितलं, की देवीनं भामाला पदरात घेतली. डॉक्टरांना ही गोष्ट सांगायची असते हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. देवीनं केलेल्या गोष्टीची तक्रार डॉक्टरकडे कोण नेणार?

आणि घर बदललं. ज्या हातात काडेपेटी द्यायला घर घाबरत होतं, त्याच हातात देवीचा दिवा आला. भामाचं वेगळं ताट पंगतीत आलं. गावातल्या हळदीला तिला बोलावणं यायला लागलं. 'येडी भामा' म्हणणाऱ्यांनी 'देवीची भामा' म्हणायला सुरुवात केली. पुढं म्हातारी गेली, मिठागरं गेली, जमिनीचे पैसे आले, हरेशनं पनवेलमध्ये प्रशस्त फ्लॅट घेतला. देवघराला संगमरवर लागला. पण दिवा भामाकडेच राहिला.

आता हाडांचं सांगायचं.

आधी मनगट मोडलं. सोसायटीच्या गच्चीवर पापड उलटून झाले होते. समोर कर्नाळ्याचा सुळका उन्हात लख्ख दिसत होता. भामा उठायला म्हणून जमिनीला हात टेकायला गेली, आणि कडक् झालं. पडली नाही, घसरली नाही, नुसता हात टेकला. प्लास्टर घातलं, दीड महिन्यानं काढलं. दृष्ट लागली म्हणून वेणूनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. एवढ्याशानं हाड कसं मोडलं, हे ना प्लास्टर घालणाऱ्यानं विचारलं ना घालून घेणाऱ्यांनी.

मग पाठ. वर्षभरानं तिच्या कमरेच्या वर एक कळ बसली. उठताना, बसताना, शिंकताना जीव जायचा. भामानं वेणूला सांगितलं, "वैनी, पाठीत आतून कायतरी खचतंय गं. आवाज येतो मला."

आवाज येतो म्हटल्यावर वेणूला खाडीतली भामा दिसली. तिनं हरेशला सांगितलं, हरेशनं डॉक्टरांना सांगितलं. भामाला त्यांनी नेलंच नव्हतं. ती बरी आहे, तीच चिठ्ठी लिहून द्या, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. हाडं खचल्याचे आवाज येतात म्हणते, एवढं ऐकून डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढचे पंधरा दिवस भामा झोपून होती. तोंडातून लाळ गळत होती आणि दिवा वेणू लावत होती. भामानं एक गोष्ट शिकून घेतली, की दुखतं म्हणून सांगितलं की गोळी वाढते, आणि गोळी वाढली की दिवा जातो. तिनं तोंडाला कुलूप लावलं.

लोणच्याची भरलेली बरणी उचलताना पाठीत पुन्हा कट् झालं, तेव्हा ती बरणी तशीच छातीशी धरून खाली बसली. बँकेतल्या बाई म्हणाल्या, काय झालं? भामा म्हणाली, "काय नाय. दम लागला." घामानं तिचा पदर ओला झाला होता. बाईंनी तिला लिंबू सरबत दिलं आणि दुसरी बरणी पुढं केली.

हळूहळू तिचं लुगडं लांब व्हायला लागलं. निऱ्या पायात यायच्या. देव्हाऱ्यातल्या समईची वात हाताला लागेना. तिनं न्हाणीघरातला प्लास्टिकचा पाट देवघरात आणून ठेवला आणि त्याच्यावर चढून दिवा लावायला लागली. घरात कोणी पाहिलंच नाही असं नाही. पाहिलं, पण माणूस चाळिशीत उंचीनं कमी होतं, हे कोणाला सुचणार?

श्रावणात जुने डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टर आभा वयानं समीक्षाच्या आसपासच्या. हरेश नेहमीप्रमाणे चिठ्ठी घ्यायला गेला तर त्यांनी परत पाठवलं. "कागद नको, माणूस घेऊन या." हरेश घरी येऊन चिडचिडला, की आजकालच्या पोरींना फी पाहिजे. पण दुसऱ्या दिवशी वेणू भामाला रिक्षात घालून घेऊन गेली.

डॉक्टरांनी दोघींना बसवलं. भामाला बसायला वेळ लागला. खुर्चीच्या हाताला धरून ती आधी वाकली, मग थांबली, मग टेकली. डॉक्टर बघत होत्या.

"भामाताई, पाठ दुखते?"

भामानं वेणूकडे पाहिलं. "नाय."

डॉक्टरांनी जुन्या कागदावर वाचलं: हाडं खचल्याचे आवाज येतात म्हणते, गोळी वाढवली. "मला खरं सांगितलंत तर मी गोळी वाढवणार नाही. शब्द देते."

इतकी वर्षं कोणी हे वाक्य तिला म्हटलं नव्हतं. भामाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "दुखते," ती म्हणाली. "लय दुखते. झोपले तरी दुखते."

डॉक्टरांनी तिला भिंतीशी उभं केलं. तिचं डोकं भिंतीला टेकेना. मग मनगटाचं विचारलं, मग पाळीचं. पाळीच्या प्रश्नाला उत्तर वेणूनं दिलं, आणि तेही अभिमानानं. "तिला येतच नाय, म्याडम. चोविसाव्या वर्सापासून. देवीची किरपा हाय तिच्यावर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग एक रक्ताची तपासणी, पाठीचा एक्स-रे आणि हाडं किती भरीव आहेत ते मोजणारी एक तपासणी लिहून दिली. आठवड्यानं सगळे कागद घेऊन हे तिघं पुन्हा गेले. या वेळी हरेशही होता.

डॉक्टरांनी सांगायला घेतलं तेव्हा त्या भामाकडे बघून सांगत होत्या, हरेशकडे नाही. भामाची हाडं सत्तरीच्या बाईसारखी पोकळ झालीत. पाठीचे दोन मणके दबलेत, म्हणून कळ येते आणि म्हणून उंची कमी झाली. "आवाज आला म्हणालात ना, तो खरा होता. मणका दबला तेव्हाचा."

हरेश खुर्चीत सरळ झाला. "कश्यानं झालं पन हे?"

"बरीच कारणं असतात. एक मोठं कारण ही गोळी. गोळीनं डोकं शांत ठेवलं, ते काम तिनं चोख केलं. पण काही बायकांच्या अंगात या गोळीनं एक हार्मोन वाढतो. बाळंतिणीच्या अंगात असतो तोच. शरीराला वाटतं, ही बाई बाळाला पाजतेय. म्हणून पाळी थांबते. वर्षानुवर्षं पाळी थांबली, की हाडांना जे राखणारं असतं ते अंगात तयार होत नाही. सगळ्यांचं असं होत नाही. यांचं झालंय. आणि हे वेळीच कोणी विचारायला हवं होतं. आम्ही डॉक्टरांनी."

वेणूच्या तोंडावरचा रंग उडाला होता. सगळ्यांना वाटलं भामा हाडांचं ऐकून गप्प झालीय. पण भामानं हाडांचं धड ऐकलंच नव्हतं. तिच्या कानात एवढंच राहिलं होतं, की देवीनं काही केलेलं नव्हतं. सतरा वर्षं तिच्या अंगाला वाटत होतं, की ते कोणा बाळाला पाजतंय. कुठल्या बाळाला? आणि देवी सतरा वर्षं देव्हाऱ्यात नुसती बसून होती?

"गोळी बदलता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "दुसरी आहे, तिच्यानं हा हार्मोन वाढत नाही. जुनी हळूहळू कमी करायची, नवी हळूहळू वाढवायची. हाडांना वेगळं औषध देऊ. चालायचं, उन्हात बसायचं. दबलेले मणके पुन्हा वर येणार नाहीत, पण पुढचे वाचतील. मांडीचं हाड वाचेल. ते मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतं."

"आनि डोकं फिरलं तर?" वेणू एकदम बोलली. "म्याडम, तुमी नाय बघितली ती खाडीत. आमी बघितलीय. हाड मोडलं तर प्लास्टर घालता येतं. डोकं मोडलं तर काय बांधनार?"

प्रश्न चुकीचा नव्हता, आणि डॉक्टरांनी तो झटकलाही नाही. धोका आहे, म्हणाल्या. कमी आहे, पण आहे. दर आठवड्याला भेटू, फोनवर असू, जरा काही वाटलं तर लगेच मागं येऊ. मग त्या भामाकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

भामानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग विचारलं, "मंग मला परत इटाळ येल?"

"येण्याची शक्यता आहे. आली तर चांगलं लक्षण. हाडांना राखण पुन्हा मिळायला लागली असं समजायचं. ज्या दिवशी येईल त्या दिवशी मला फोन करायचा."

"मला वेळ द्या," भामा म्हणाली.

हाडांची औषधं तेवढी सुरू झाली. गोळी जुनीच राहिली. हरेश म्हणायचा, बदलू. वेणू म्हणायची, चाललंय ते बिघडवू नका. नवरा-बायकोत दोन-चारदा वाजलंही. पण दोघांनाही भामाच्या मनातलं ठाऊक नव्हतं. ती रोज पाटावर चढून दिवा लावायची आणि देवीच्या तोंडाकडे बघायची. पूर्वी ती मुखवट्याशी बोलायची, आता बोलत नव्हती. रुसली होती म्हणा. पण रुसली तरी दिवा सोडवत नव्हता, कारण दिवा गेला तर मागं काय उरतं ते तिला पाठ होतं. वेगळं ताट, चुलीपासून लांब, आणि जिन्यात भेटल्यावर नजर चुकवणाऱ्या बायका. मोडक्या हाडांनी ती देवीची तरी होती. धड हाडांनी कोणाची झाली असती?

मार्गशीर्षात समीक्षा बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. घरात धांदल उडाली. बाळाला अंघोळ घालायला बाई येत होती, पण अंघोळीनंतर शेक देऊन, दुपट्ट्यात गुंडाळून झोपवायचं काम भामानं मागून घेतलं. "आत्याच्या हातात कशी लगेच झोपते बघ," समीक्षा म्हणायची. भामा पलंगावर पाठीला उशी लावून बसायची आणि त्या एवढ्याशा तोंडाकडे बघत राहायची. डॉक्टरांचं बोलणं तिला तेव्हा आठवायचं. अंगाला वाटत होतं म्हणे.

एका सकाळी खोलीत बाकी कोणी नव्हतं. समीक्षा अंघोळीला गेली होती, वेणू खाली मासळीवालीपाशी. बाळ रडायला लागलं, म्हणून भामा त्याला घेऊन उभी राहायला गेली. अर्धी उठली असेल-नसेल, पाठीत सुरी फिरल्यासारखी कळ गेली आणि हात ढिले पडायला लागले. तिनं बाळ छातीशी आवळलं, भिंतीला पाठ लावली आणि ओरडली, "समीक्षा! घे गं! पोर पडतेय माझ्या हातातनं! घे!"

समीक्षा ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळून धावत आली आणि बाळ घेतलं. बाळाला काही झालं नाही. भामा भिंतीवरून घसरत खाली बसली. समीक्षानं तिला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, काही वाकडं बोलली नाही. पण त्या दिवसापासून बाळ झोपवायला वेणूकडे जायला लागलं. कोणी काही ठरवलं नव्हतं. आपोआप तसं झालं. भामानं हात पुढं केले तरी समीक्षा म्हणायची, "आत्या, तू बस, मी बाळाला तुझ्या बाजूला ठेवते हं."

तिसऱ्या दिवशी भामा हरेशपुढं जाऊन उभी राहिली. "दादा, मला डॉक्टरनीकडं ने. गोळी बदलायची हाय."

वेणू स्वयंपाकघरातून बाहेर आली. "भामा, ईचार कर गं. परत ते सगळं..."

"केला ईचार," भामा म्हणाली. "पोर पडली असती वैनी."

ते महिने सोपे गेले नाहीत. नव्या गोळीनं सुरुवातीला तिचे पाय एका जागी ठरेनात. ती हॉलमध्ये येरझाऱ्या घालायची आणि वेणू तिच्या मागं मागं. मग दोन दिवस तिला पुन्हा खाडीकडून कोणी हाक मारतंय असं वाटलं. पूर्वीची भामा हे पोटात ठेवून बसली असती. आता तिनं स्वतः फोन मागून घेतला आणि डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी जुन्या गोळीची मात्रा जरा मागं नेली, थांबल्या, पुन्हा हळूहळू उतरवली. हाक थांबली. वेणूनं त्या दोन दिवसांत तोंडात अन्नाचा कण घेतला नाही. खाडी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

चैत्रापर्यंत जुनी गोळी पूर्ण बंद झाली. भामा रोज सकाळी वडाळे तलावाच्या कडेनं उन्हात चालायला लागली, आधी समीक्षाचा हात धरून आणि समीक्षा सासरी गेल्यावर एकटी. पाठीचं पोक तसंच राहिलं. ते जाणार नव्हतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. कळ मात्र कमी झाली. त्या वर्षीही लोणच्याची बोलावणी आली. भामा गेली, पण बरणी उचलली नाही, दुसऱ्याला उचलायला लावली. आतून ती रोज घाबरलेली असायची. रोज सकाळी उठली की आधी कपडा बघायची. काही नसलं की सुटका वाटायची, आणि मग सुटका वाटली म्हणून स्वतःचाच राग यायचा.

नवरात्र आलं. घट बसला. परडीतल्या मातीत धान्य पेरलं, अखंड दिवा लागला. पाचवी माळ होती. समीक्षा बाळाला घेऊन आली होती आणि बाळ हॉलमध्ये खुळखुळ्यामागं रांगत होतं. वेणू स्वयंपाकघरात नैवेद्याच्या पोळ्या लाटत होती. भामा न्हाणीघरात गेली आणि तिला दिसलं.

ती तिथंच दाराला टेकून उभी राहिली. अठरा वर्षांनी. आधी तिला हसू आलं आणि मग रडू. मग तिला बाहेरचा दिवा आठवला.

लपवता आलं असतं. कोणाला कळणार होतं? अजून चार माळा, मग दसरा, मग पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात. समीक्षाच्या कपाटात लागतं ते सगळं होतं. भामानं ते घेतलंही. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, ज्या दिवशी येईल त्या दिवशी फोन. आणि भामाकडे स्वतःचा फोन नव्हता; वेणूचा मागायचा म्हणजे सगळ्यांच्या कानावर जाणार. डॉक्टरांना सांगायचं तर घराला सांगणं आलंच. न सांगावं तर पुन्हा तेच, कुलूप. कुलपाची किंमत तिची पाठ फेडत होती.

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. वेणूचा मोबाइल फळीवर होता. तो तिनं उचलला आणि वेणूच्या पाठीशी उभी राहून नंबर लावला. आवाज तिनं खाली येऊ दिला नाही.

"डॉक्टरबाय, मी भामा. तुमी सांगितलेलं ना फोन कर म्हनून. मला पाळी आली. आज."

पलीकडून डॉक्टरांचा आनंदानं फुललेला आवाज स्वयंपाकघरात ऐकू आला. आणखीही त्या काही म्हणाल्या, पुढच्या तपासणीचं वगैरे. भामानं हो-हो म्हटलं आणि फोन ठेवला.

वेणूचं लाटणं थांबलं होतं. ती वळली नाही.

"मी गॅलरीत बसते वैनी," भामा म्हणाली. "दिव्यात तेल कमी झालंय. तू बघ."

ती निघाली. गॅलरीकडे जायला देवघरावरूनच वाट होती. तिनं तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि भिंतीकडे तोंड करून चालायला लागली.

"भामा."

भामा थांबली.

वेणू अजून पोळपाटाकडेच बघत होती. "माझं हात पिठाचं हायत," ती म्हणाली. "तेल तूच घाल."

भामाला वाटलं हिनं ऐकलं नसेल. "वैनी, मी काय बोलले फोनवर ते..."

"ऐकलं. समदं ऐकलं. देवीला राग यायचा तर माझ्यावर येऊ दे. तुझी हाडं झिजत होती नि मी गल्लीत सांगत फिरत होते किरपा झाली म्हनून." तिनं डोळे मनगटानं पुसले, कपाळाला पीठ लागलं. "जा. वात बारीक झालीय. विझंल."

भामा देवघरात आली. प्लास्टिकच्या पाटावर चढली, भिंतीला एक हात लावला, आणि दुसऱ्या हातानं दिव्यात तेल घातलं.